एक, ‘अ’ आणि ‘द’: इंग्रजीत मोजताना मराठी माणूस कुठे अडतो

तुमचे प्रश्न थोडक्यात असे आहेत. ‘एमपीएससी’च्या आधी ‘अ’ लावायचा की ‘ॲन’? मराठीतल्या ‘एक’साठी ‘वन’ कधी आणि ‘अ’ कधी? ‘अ नंबर ऑफ’नंतर ‘इज’ येतो की ‘आर’? संस्थांच्या नावाआधी ‘द’ हवा की नको? आणि ‘फाइव्ह लाख’ बरोबर की ‘फाइव्ह लाख्स’? तुम्ही कार्यालयात इंग्रजी अहवाल लिहिता आणि वरिष्ठ दर वेळी याच जागांवर लाल खुणा करतात, असंही तुम्ही लिहिलं आहे.

मराठी माणसांनी लिहिलेले इंग्रजी अहवाल, अर्ज आणि प्रबंध तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. माझ्या मते हे पाच वेगळे प्रश्न नाहीत. इंग्रजीत नाम वाक्यात आलं की त्यानं दोन गोष्टी जाहीर करायच्या असतात: आपण मोजले जातो का, आणि आपण कोण ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे का. मराठीतही आपण या दोन्ही गोष्टी सांगतो, फक्त त्या सांगायच्या जागा वेगळ्या आहेत. त्या जागा एकदा ओळखता आल्या की पाठांतराची गरज पुष्कळ कमी होते.

आधी ‘अ’ आणि ‘ॲन’, कारण हा भाग सगळ्यांत सोपा आहे. शाळेत ‘पाच स्वरांच्या आधी ॲन’ असं शिकवतात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. हा नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे, आणि उच्चार तपासायला आपल्याकडे देवनागरी आहे. पुढचा शब्द जसा बोलला जातो तसा देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. म्हणून ‘ॲन एमपीएससी कँडिडेट’, पण ‘अ यूपीएससी कँडिडेट’. ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन आरटीआय ॲप्लिकेशन’, ‘ॲन एसटी बस’. ‘एनजीओ’ची अक्षरं सुटी वाचतात म्हणून ‘ॲन एनजीओ’. ‘नासा’ अख्खा शब्द म्हणून वाचतात म्हणून ‘अ नासा सायंटिस्ट’.

या कसोटीत एक खड्डा आहे. आपल्याकडे बरेच जण ‘एम’ला ‘यम’, ‘एल’ला ‘यल’ आणि ‘एस’ला ‘यस’ म्हणतात. त्या उच्चारानं चाललात तर ‘अ एमएलए’ हेच बरोबर वाटू लागेल. तेव्हा कसोटी लावताना उच्चार प्रमाण इंग्रजीतला घ्या. कधी कधी प्रमाण उच्चारही दोन असतात. औषधी वनस्पतीला इंग्लंडमध्ये ‘हर्ब’ म्हणतात म्हणून तिथे ‘अ हर्ब’, अमेरिकेत ‘अर्ब’ म्हणून तिथे ‘ॲन अर्ब’. स्पेलिंग दोन्हीकडे एकच. ‘ॲन हिस्टॉरिक’ हे जुन्या ब्रिटिश लेखनात भेटतं, पण आज ‘अ हिस्टॉरिक’ लिहा.

आकड्यांनाही हाच नियम लागतो, आणि लाल खुणा इथेच जास्त होतात. ८, ११, १८ आणि ८० यांच्या आधी ‘ॲन’, कारण उच्चार एट, इलेव्हन, एटीन, एटी असे आहेत. १ च्या आधी मात्र ‘अ’, कारण उच्चार ‘वन’: ‘अ वन-रुपी कॉइन’. रकमेत रुपयाचं चिन्ह आधी लिहिलेलं असतं, पण वाचताना आकडा आधी येतो. म्हणून ₹८,००० च्या कर्जाला ‘ॲन’ लागतो, कारण आपण ‘ॲन एट-थाउजंड-रुपी लोन’ असं वाचतो. डोळ्यांना पहिलं काय दिसतं याला काही किंमत नाही. ‘द’चा उच्चार स्वराआधी ‘दि’ होतो, तोही याच न्यायानं.

इथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. ‘ॲन’ आणि ‘वन’ हे मुळात एकच. जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचा ‘आन’ असा शब्द होता. जोर देऊन बोलताना त्याचा ‘वन’ झाला, जोर न देता बोलताना ‘ॲन’ उरला आणि व्यंजनाआधी त्यातला ‘न’ही गळला. आपण स्वयंपाकघरात बांधतो त्या ‘एप्रन’चं जुनं रूप ‘नेप्रन’ होतं. ‘अ नेप्रन’ बोलता बोलता ‘ॲन एप्रन’ झालं. म्हणजे ‘अ’ हा ‘एक’चाच जोर उतरलेला अवतार आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या जोरातच आहे.

मराठीत ‘एक’ दोन कामं करतो. ‘एका गावात एक शेतकरी राहत होता’ यातला ‘एक’ मोजत नाही, नव्या माणसाची ओळख करून देतो. ‘घरात एक मुलगा आणि दोन मुली आहेत’ यातला ‘एक’ मोजतो. इंग्रजीत ओळख करून देण्याचं काम ‘अ’ करतो आणि मोजण्याचं ‘वन’. ‘वन फार्मर केम टु द ऑफिस’ असं लिहिलंत की वाचणारा थबकतो. बाकीचे शेतकरी का आले नाहीत, असं त्याला वाटतं. तुम्हाला फक्त ‘एक शेतकरी कार्यालयात आला’ एवढंच सांगायचं असतं, तिथे ‘अ फार्मर’ हवा.

यासाठी मी सगळ्यांना एक साधी परीक्षा सांगतो. मराठी वाक्यातल्या ‘एक’ला ‘च’ जोडून पाहा. ‘एकच अर्ज आला’ असं तुम्हाला म्हणायचं असेल तर ‘वन ॲप्लिकेशन’. ‘च’ जोडल्यावर अर्थच बदलत असेल तर ‘ॲन ॲप्लिकेशन’. दुसऱ्याशी जोडी असेल तिथेही ‘वन’ येतो: एक अर्ज मंजूर झाला, दुसरा फेटाळला. गोष्ट सांगतानाचं ‘वन डे’, ‘वन इव्हनिंग’ ही रूढ रूपं आहेत, ती तशीच राहू द्या. ‘दहाएक माणसं’, ‘शंभरेक रुपये’ यातला ‘एक’ मात्र अंदाजाचा आहे. त्याला इंग्रजीत ना ‘वन’ ना ‘अ’. तिथे ‘अबाउट टेन पीपल’ लिहा.

‘अ हंड्रेड’ आणि ‘वन हंड्रेड’ दोन्ही चालतात. नेमकेपणा हवा असेल तर, म्हणजे धनादेश, करार, हिशेब अशा ठिकाणी, ‘वन’ घ्या. संख्येच्या मधोमध मात्र ‘अ’ चालत नाही. २,१०० हे ‘टू थाउजंड वन हंड्रेड’ असंच लिहायचं, ‘टू थाउजंड अ हंड्रेड’ नाही.

आता ‘द’. मराठीला आर्टिकल नाही म्हणून आपल्याला ते कळत नाही, असं नेहमी सांगतात. मला ते पटत नाही. ओळखीचं नाम आणि अनोळखी नाम हा भेद आपण दिवसभर करत असतो. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ ही दोन वाक्यं पाहा. पहिल्यात टेबलावर काय आहे ते कळतं, पुस्तक नवं आहे: ‘देअर इज अ बुक ऑन द टेबल’. दुसऱ्यात कोणतं पुस्तक ते दोघांनाही ठाऊक आहे, फक्त ते कुठे आहे एवढंच सांगायचं आहे: ‘द बुक इज ऑन द टेबल’. शब्द तेच, क्रम बदलला आणि आर्टिकलचं काम झालं.

प्रत्ययही हे काम करतो. ‘काल मुलगी पाहिली’ म्हणजे लग्नासाठी कुठलीतरी एक मुलगी पाहिली. ‘काल मुलीला पाहिलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ती मुलगी आधीपासून माहीत असते. ‘डॉक्टर शोधतोय’ आणि ‘डॉक्टरांना शोधतोय’ यांतही तोच फरक आहे. पहिल्यात कोणताही डॉक्टर चालेल, म्हणून ‘अ डॉक्टर’. दुसऱ्यात एक ठरावीक डॉक्टर हवेत, म्हणून ‘द डॉक्टर’. मराठी वाक्य आधी मनात नीट ऐकलंत तर आर्टिकल तिथेच सापडतं. वाक्य तयार झाल्यावर वरून ‘द’ पेरत गेलात तर तो चुकीच्या जागी पडतो.

यातूनही शंका राहिली तर नामाआधी ‘तो, ती, ते’ लावून पाहा. ‘ती फाइल पाठवा’ असं म्हणायला हरकत नसेल तर ‘द फाइल’. ‘दार लाव’ यात ‘ते’ बोललेलं नसलं तरी खोलीचं दार एकच आहे, म्हणून ‘शट द डोअर’. एखादी गोष्ट सर्वसाधारणपणे बोलायची असेल तर ‘ती’ बसत नाही आणि ‘द’ही बसत नाही. प्रामाणिकपणा हा गुण आहे, हे ‘द ऑनेस्टी’नं सुरू करू नका. पण ‘त्या कारकुनाचा प्रामाणिकपणा’ म्हणायचं असेल तर ‘द ऑनेस्टी ऑफ द क्लार्क’ अगदी योग्य.

मोजता न येणाऱ्या नामांपैकी काही आपल्याला सहज जमतात, काही फसवतात. ‘फर्निचर’ आपण मराठीतही मोजत नाही, ‘फर्निचर घेतलं’ असंच म्हणतो. ‘माहिती’चंही अनेकवचन आपण करत नाही, तरी ‘एक माहिती हवी होती’ असं बोलतो आणि तेच इंग्रजीत ‘ॲन इन्फर्मेशन’ होऊन उतरतं. सल्ला आणि बातमी जास्त फसवतात, कारण मराठीत सल्ले आणि बातम्या सर्रास मोजतात. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ आणि ‘न्यूज’ मोजत नाहीत; मोजायचंच असेल तर आधी ‘अ पीस ऑफ’ लावावं लागतं. ‘न्यूज’च्या शेवटी ‘ज’ ऐकू आला तरी क्रियापद एकवचनी: ‘द न्यूज इज गुड’.

‘अ नंबर ऑफ’ आणि ‘द नंबर ऑफ’ यांत आर्टिकल बदललं की क्रियापद बदलतं. ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे ‘बरेच’. तिथे बोलणं अर्जांविषयी असतं, म्हणून ‘अ नंबर ऑफ ॲप्लिकेशन्स आर पेंडिंग’. ‘द नंबर ऑफ’ म्हणजे ‘ची संख्या’. तिथे बोलणं संख्येविषयी असतं आणि संख्या एकच असते, म्हणून ‘द नंबर ऑफ ॲप्लिकेशन्स इज स्मॉल’. मराठीत ‘बरेच अर्ज पडून आहेत’ आणि ‘अर्जांची संख्या कमी आहे’ ही वाक्यं आपण कधीच चुकवत नाही. ‘वन ऑफ’मध्ये नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी असतं: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज इन पुणे’. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही चूक मला सगळ्यांत जास्त वेळा दुरुस्त करावी लागते. ‘मोअर दॅन वन’चा अर्थ एकाहून अधिक असला तरी पुढे एकवचनच येतं: ‘मोअर दॅन वन ऑफिसर वॉज प्रेझेंट’.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांकडे अहवाल लिहिणाऱ्यानं फार जपून पाहावं. ‘अ फ्यू कम्प्लेंट्स’ म्हणजे काही तक्रारी आल्या. ‘फ्यू कम्प्लेंट्स’ म्हणजे तक्रारी फारशा आल्याच नाहीत. पहिलं वाक्य चौकशी लावू शकतं, दुसरं कामाची पावती देतं, आणि दोन्हींमध्ये फरक फक्त त्या ‘अ’चा. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’चंही तसंच.

वर्तमानपत्रात ‘ॲन एस्टिमेटेड फाइव्ह हंड्रेड पीपल’ वाचून पुष्कळ जण गोंधळतात. माणसं पाचशे, मग ‘ॲन’ कसा? संख्येआधी विशेषण आलं की इंग्रजी त्या सगळ्या संख्येला एक गठ्ठा मानते. ‘अनदर टू वीक्स’, ‘अ मिअर ट्वेंटी रुपीज’, ‘अ गुड थ्री अवर्स’ ही सगळी याच घडणीची आहेत आणि शुद्ध आहेत.

क्रमवाचक संख्येला बहुतेक वेळा ‘द’ लागतो, नामापुढे आलेल्या साध्या आकड्याला लागत नाही: ‘द फोर्थ प्लॅटफॉर्म’, पण ‘प्लॅटफॉर्म फोर’, ‘द टेन्थ पेज’, पण ‘पेज टेन’. दुसरं महायुद्ध ‘द सेकंड वर्ल्ड वॉर’ असं लिहा किंवा ‘वर्ल्ड वॉर टू’ असं, दोन्ही चालतात. ‘अ सेकंड चान्स’ म्हणजे आणखी एक संधी. तिथे क्रमापेक्षा ‘आणखी’ महत्त्वाचा, म्हणून ‘अ’.

संस्थांच्या बाबतीत दोन गोष्टी पाहा. नावात ‘ऑफ’ असेल तर ‘द’ येतो: ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’, पण नुसतं ‘मुंबई युनिव्हर्सिटी’. आद्याक्षरं सुटी वाचली जात असतील तर साधारणपणे ‘द’ येतो. त्यांचा शब्द झाला असेल तर येत नाही. ‘द आरबीआय’, ‘द बीएमसी’, ‘द एमपीएससी’. पण नाबार्ड, सेबी, इस्रो, युनेस्को यांच्याआधी काही नाही. ‘आयआयटी बॉम्बे’सारखी शिक्षणसंस्थांची नावं अपवाद आहेत, तिथे ‘द’ लावू नका. आणि संस्थेचं नाव विशेषणासारखं आलं तर आर्टिकल पुढच्या नामाचं असतं. ‘ॲन एमपीएससी कँडिडेट’मधला ‘ॲन’ उमेदवाराचा आहे, आयोगाचा नाही.

भूगोलात नद्या, समुद्र आणि डोंगररांगा ‘द’ घेतात, एकटं शिखर आणि एकटं सरोवर घेत नाही: ‘द गोदावरी’, ‘दि अरेबियन सी’, ‘द सह्याद्रीज’, पण ‘कळसूबाई’ आणि ‘लोणार लेक’. गाड्यांच्या नावालाही ‘द’ लागतो, म्हणून १९३० पासून धावणारी ती ‘द डेक्कन क्वीन’.

आता मोजणीचे शब्द. हंड्रेड, थाउजंड आणि लाख यांचा नियम मराठीत जसाच्या तसा आहे, पण तो कोणी दाखवत नाही. नेमका आकडा असेल तर आपण ‘दोनशे’, ‘पाच हजार’ म्हणतो. आकडा नसेल तर ‘शेकडो’, ‘हजारो’, ‘लाखो’. इंग्रजीतही आकडा असेल तर ‘टू हंड्रेड पीपल’, ना शेवटी ‘स’, ना मध्ये ‘ऑफ’. नसेल तर ‘हंड्रेड्स ऑफ पीपल’. या हिशेबानं ‘फाइव्ह लाख रुपीज’ आणि ‘लाख्स ऑफ रुपीज’. ‘फाइव्ह लाख्स’ छापलेलं तुम्हाला भेटेल, अनेक जुन्या कागदांत ते आहे, पण हंड्रेड आणि थाउजंडशी मेळ ठेवायचा तर एकवचनच घ्या. नेमक्या आकड्यापुढे ‘ऑफ’ येतो तो ठरावीक समूहातले काही सांगायचे असतील तेव्हाच: ‘टू हंड्रेड ऑफ द ॲप्लिकेशन्स’ म्हणजे त्या अर्जांपैकी दोनशे.

अपूर्णांकात मराठी आपल्याला उलट दिशेला ओढते. दीड आणि सव्वा यांच्यापुढे आपण एकवचन वापरतो: दीड महिना, सव्वा महिना. अनेकवचन सुरू होतं ते पावणेदोनपासून. इंग्रजीत एकाच्या वर गेलं की लगेच अनेकवचन: ‘वन अँड अ हाफ मंथ्स’. यातला ‘अ’ गाळून ‘वन अँड हाफ’ लिहिण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे, ती मोडा. ‘अ मंथ अँड अ हाफ’ असंही लिहिता येतं, तिथे ‘मंथ’ एकवचनी राहतो. शून्य आणि दशांशही अनेकवचन घेतात: ‘झीरो डिग्रीज’, ‘०.५ किलोमीटर्स’, पण ‘हाफ अ किलोमीटर’. रक्कम, अंतर किंवा मुदत एकत्र धरली की क्रियापद एकवचनी होतं: ‘टेन थाउजंड रुपीज इज अ लार्ज अमाउंट’.

‘पाच वर्षांची मुलगी’ हीसुद्धा अशीच ओढ आहे. मराठीत ‘वर्षांची’ अनेकवचनी, म्हणून हात ‘अ फाइव्ह इयर्स ओल्ड गर्ल’ लिहितो. नामाच्या आधी विशेषण म्हणून आलं की इंग्रजीत मोजमाप एकवचनी राहतं आणि मध्ये जोडरेघा येतात: ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’, ‘अ टेन-रुपी नोट’, ‘अ टू-डे वर्कशॉप’. क्रियापदानंतर आलं की अनेकवचन परततं: ‘द गर्ल इज फाइव्ह इयर्स ओल्ड’.

मोठ्या संख्यांबाबत शेवटचं. अहवाल भारतातच वाचला जाणार असेल तर लाख, कोटी आणि १,००,००० अशी स्वल्पविरामाची मांडणी ठेवा. परदेशी वाचक असेल तर मिलियन, बिलियन आणि १००,००० अशी मांडणी घ्या. दहा लाखांचा एक मिलियन, शंभर कोटींचा एक बिलियन, म्हणजे आपला अब्ज. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख असा अर्थ होता. तिथल्या सरकारनं १९७४ मध्ये हजार मिलियनचा अर्थ स्वीकारला. त्यापूर्वीचे ब्रिटिश अहवाल उद्धृत करताना बिलियनचा अर्थ तपासून घ्या. एकाच तक्त्यात लाख आणि मिलियन मिसळू नका, आणि स्वल्पविरामाची मांडणी पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत एकच ठेवा.